समजून घ्या : मांजाने कापलेला मज्जातंतू पुन्हा जुळतो का? शरीरातली ‘परांची’ काय काम करते?

जानेवारी उजाडला की मनीषनगरच्या उड्डाणपुलावरून जाणारे दुचाकीस्वार गळ्याभोवती दुपट्टा घट्ट गुंडाळू लागतात. कारण नायलॉन मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही त्याची स्वतःहून दखल घेतली. तरी मांजा उडतोच.

गळा कापल्याची बातमी होते, हात कापल्याची फारशी होत नाही. मांजा बाजूला सारायला हात पुढे जातो, मनगट किंवा बोटे चिरतात. जखम भरते, टाके निघतात, पण बोटाला गरम-थंड कळत नाही. कारण आत मज्जातंतू तुटलेला असतो.

तुटलेला मज्जातंतू वाढतो का?

हात-पायांतला वाढतो. तुटल्यावर पुढचा भाग झिजून जातो, पण तिथल्या ‘श्वान पेशी’ मार्ग धरून राहतात. मागच्या टोकाकडून तंतू त्या मार्गाने साधारण दिवसाला १ मिलिमीटर सरकतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंटिमीटर धरले, तर सहा महिने लागतात. अपघातात मानेजवळचा मज्जातंतू तुटला, तर पंजापर्यंतच्या सुमारे ७० सेंटिमीटरना जवळपास दोन वर्षे लागतील. पण संदेश न मिळालेला स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांत कायमचा निकामी होऊ लागतो. म्हणजे ही घड्याळाशी शर्यत आहे.

मग शस्त्रक्रियेत काय करतात?

टोके जवळ असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने जोडतात. मध्ये तुकडाच गेला असेल, तर ओढून जोडता येत नाही, कारण ताण आला की जोड बिघडतो. अशा वेळी बहुधा रुग्णाच्याच पोटरीमागचा संवेदनेचा मज्जातंतू काढून तिथे बसवतात. हा उपाय आजही सर्वात भरवशाचा मानला जातो. पण त्याची किंमत आहे. पायाला आणखी एक जखम होते आणि पावलाची बाहेरची कड बधिर पडते.

परांची कुठे येते?

मनीषनगरात उभी राहणारी कोणतीही इमारत पाहा. परांची म्हणजे इमारत नव्हे. गवंड्याला उभे राहायला आधार मिळतो आणि काम झाले की ती उतरवतात. जैवपदार्थांची परांची तशीच असते. कोलॅजेनची बारीक नळी दोन टोकांवर बसवतात. आत पेशी सरकत येतात, तंतूला दिशा मिळते, बाहेरची व्रणऊती आत घुसत नाही. काही महिन्यांत नळी विरघळते. अशा नळ्या दोन दशकांहून अधिक काळ वापरात आहेत. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसनच्या नळ्याही युरोपात आहेत. मर्यादा अशी की अंतर साधारण ३ सेंटिमीटरपलीकडे गेले की रिकामी नळी पुरत नाही.

विदर्भाशी काय संबंध?

भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोष घेतात. टसरच्या फायब्रॉइन या प्रथिनात पेशींना पकड घ्यायला सोयीचा अमिनो आम्लांचा एक क्रम नैसर्गिकरीत्याच असतो. तुतीच्या रेशमात तो नसतो. म्हणून आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी टसरच्या परांचीवर पेशी वाढवून पाहिल्या. मात्र हे काम प्रयोगशाळेतले आहे, रुग्णालयातले नाही.

मज्जारज्जूसाठी हे चालेल का?

इथे गणित बदलते. मज्जारज्जूत श्वान पेशींची वाट नसते. उलट तिथले आवरण वाढ रोखते, जखमेत पोकळी राहते आणि भोवती व्रण तयार होतो. १९८१ मध्ये मॉन्ट्रियलच्या सॅम्युअल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या मज्जासंस्थेत पायाच्या मज्जातंतूचा तुकडा पुलासारखा बसवला, तेव्हा तंतू त्यातून वाढले. म्हणजे वाढण्याची क्षमता आहे, परिसर अनुकूल नाही. परांचीची आशा इथूनच सुरू झाली.

अमेरिकेतील ‘इनव्हिवो’ कंपनीने विरघळणारी परांची २०१४ पासून माणसांच्या मज्जारज्जूत बसवून पाहिली. २०२३ मध्ये निकाल आले, तेव्हा ठरवलेले उद्दिष्ट गाठता आले नव्हते. प्राण्यांवरील पुढचे प्रयोग आशादायक आहेत, पण उंदीर चालला म्हणून माणूस चालेलच असे नाही.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

हात कापला तर रक्त थांबले एवढ्यावर समाधान मानू नका. प्रत्येक बोट हलते का, स्पर्श कळतो का, हे त्याच दिवशी तपासून घ्या. बधिरपणा असेल तर प्लास्टिक सर्जन किंवा हाताच्या सर्जनकडे लगेच जा. ‘महिनाभर वाट पाहू’ हा सल्ला महागात पडू शकतो.

मज्जारज्जूच्या दुखापतीवर स्टेम सेलने हमखास बरे करण्याचा दावा कुणी केला, तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : ही नोंदणीकृत चाचणी आहे का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारांत चाचणीबाहेर हा उपचार करता येत नाही. आज खात्रीने उपयोगी पडते ते वेळेवर उपचार, फिजिओथेरपी आणि पुनर्वसन. परांची त्यांना पुढे जोड देईल, पण त्यांची जागा घेणार नाही.