कारला पायी चालणारा माणूस दिसतो का? दिवसा हो, अंधारात अवघड

खामगाव-शेगाव रस्त्यावर रात्रीही माणसं चालताना दिसतात. गजानन महाराजांच्या दर्शनाला पायी निघालेले अनेक जण ऊन टाळायला रात्र किंवा पहाटच निवडतात. समोरून एखादी नवीकोरी कार आली, तर ती त्यांना ओळखून आपोआप थांबेल?

दिवसा थांबण्याची शक्यता चांगली आहे. काचेमागचा कॅमेरा आकारावरून माणूस ओळखतो, बंपरजवळचं रडार अंतर आणि वेग मोजतं. आधी बीप वाजतो. चालकाने काहीच केलं नाही तर गाडी स्वतः ब्रेक मारते. यालाच ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग, म्हणजे एईबी म्हणतात. गरज किती? 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 जण गेले. त्यातले 32,825 पादचारी होते.

घोडं अडतं कुठे?

अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीच्या 2022 च्या अभ्यासात, पादचारी ओळखणारी एईबी असलेल्या गाड्यांच्या पादचाऱ्यांना होणाऱ्या धडका 27 टक्के कमी आढळल्या. पण रस्त्यावर दिवे नसतील तर रात्री काहीच फरक नव्हता. आपल्याकडे गाव संपलं की दिवे संपतात!

ताशी 80 किमी वेगात कार सेकंदाला 22 मीटर कापते. चालक दचकून ब्रेक दाबेपर्यंत 30 मीटर गेलेले असतात, थांबायला आणखी तेवढेच लागतात. सेन्सर दचकण्याचा वेळ वाचवतो, पण डिपरच्या उजेडाबाहेरचं कॅमेऱ्यालाही नीट दिसत नाही. रडारला उजेड लागत नाही. मात्र माणसाकडून परतणारा सिग्नल क्षीण असतो.

त्याहून विचित्र गोष्ट 2025 मध्ये याच संस्थेच्या चाचणीत दिसली. अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या लावलेला पुतळा ओळखण्यात तीनपैकी दोन गाड्या फसल्या. म्हणून दिंडीतल्यांनी पट्ट्या काढायच्या नाहीत, कारण माणूस चालकाला त्या दिसतात.

गाडी घेताना

युरोपीय संघात अशी एईबी नव्या मॉडेलना जुलै 2024 पासून सक्तीची आहे. आपल्याकडे ती बहुधा महागड्या व्हेरियंटमध्येच मिळते. भारत एनसीएपीचे स्टार मुख्यतः आत बसणाऱ्यांच्या सुरक्षेचे असतात. तीन किंवा जास्त स्टारसाठी मात्र गाडीचा पुढचा भाग पादचारी सुरक्षेच्या निकषात बसावा लागतो. त्यामुळे शोरूममध्ये ‘एडीएएस आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. पादचारी ओळखते का, किती वेगापर्यंत आणि रात्री काय, हेही विचारा. आणि गाडी घरी आल्यावर देवाचं स्टिकर आरशामागच्या कॅमेऱ्यासमोर चिकटवू नका.