लीजच्या गाडीचे जास्तीचे किलोमीटर

रिक्षाचं मीटर आपल्यासमोर पडतं. आकडा डोळ्यांदेखत वाढतो आणि उतरताना पैसे देऊन आपण मोकळे होतो. लीजवर घेतलेल्या गाडीचंही मीटर असंच पडत असतं, पण त्याचं बिल तीन-चार वर्षांनी, गाडी परत करताना येतं. तोवर आपण किती धावलो याचा हिशेब बहुतेकांनी ठेवलेला नसतो.

गाडी विकत न घेता लीजवर घेणं आता आपल्याकडे नवलाचं राहिलेलं नाही. पूर्वी मोठ्या कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांना अशी गाडी देत आणि भाडं पगारातून कापून घेत. पुढे गाड्या बनवणाऱ्या कंपन्याच थेट ग्राहकांकडे आल्या. मारुती सुझुकीनं 2020 साली 'सबस्क्राइब' नावानं अशी योजना आणली. दरमहा ठरलेलं भाडं भरायचं आणि विमा, देखभाल यांची चिंता बऱ्याच अंशी दुसऱ्यावर सोपवायची, ही कल्पना अनेकांना आवडते. मात्र त्या भाड्यात किलोमीटरची एक मर्यादा दडलेली असते.

ही मर्यादा का असते, ते आधी समजून घेऊ. मुदत संपल्यावर आपली गाडी किती रुपयांना विकली जाईल, याचा अंदाज कंपनी पहिल्याच दिवशी बांधते. गाडीची आजची किंमत आणि ती पुढची किंमत, यांतला फरक अधिक व्याज आणि खर्च, म्हणजे आपलं भाडं. जुन्या बाजारात पन्नास हजार धावलेल्या आणि पंचाहत्तर हजार धावलेल्या गाडीला सारखा भाव मिळत नाही. म्हणून ठरल्यापेक्षा जास्त धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे कंपनी ठरावीक रक्कम घेते. लोक याला दंड समजतात आणि घाबरतात. माझ्या मते तो दंड नाही, किंमत आहे. आणि किंमत म्हटली की ती आधी विचारता येते, पडताळता येते, कमीही करता येते. त्यासाठी हातात वेळ मात्र हवा.

आमच्या कोपरीतल्याच एका शेजाऱ्याचं उदाहरण सांगतो. छत्तीस महिन्यांचा करार, एकूण मर्यादा 45,000 किलोमीटर, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला सात रुपये आणि वर जीएसटी. सव्वीस महिने झाले तेव्हा मीटरवर 39,000 होते. त्याच सुमारास त्याच्या आईला परळच्या टाटा रुग्णालयात रेडिएशन सुरू करायचं ठरलं. रविवार-शनिवार सोडून तीस दिवस रोज जायचं. त्यानं मला विचारलं, ''काका, किलोमीटर वाचवायला आईला लोकलनं नेऊ का?''

मी म्हटलं, आधी कागद-पेन्सिल घे. महिन्याला मर्यादा 1,250 किलोमीटरची. सव्वीस महिन्यांत 32,500 व्हायला हवे होते, झाले 39,000. म्हणजे तो महिन्याला 1,500 धावत होता. याच वेगानं छत्तीस महिन्यांत 54,000 झाले असते, मर्यादेपेक्षा 9,000 जास्त. परळ जाऊन येऊन साठ किलोमीटर, तीस दिवसांचे 1,800. एकूण 10,800 जास्तीचे. सातनं गुणलं तर 75,600 रुपये, जीएसटी वेगळा.

आकडा ऐकून माणूस गप्प झाला. पण त्यातले आईच्या उपचाराचे पैसे किती? 12,600. दिवसाला 420 रुपये. पेट्रोल धरूनही रोजची टॅक्सी यापेक्षा महाग पडली असती आणि आजारी बाईला गर्दीच्या लोकलमध्ये चढवण्याचा तर प्रश्नच नव्हता. खरा खर्च दुसरीकडे होता. महिन्याचे 1,500 जातात कुठे, ते आम्ही लिहून काढलं. ऐरोलीच्या ऑफिसला रोजचे वीस किलोमीटर, महिन्याचे 440. नाशिकला सासुरवाडी, महिन्यातून दोनदा, सुमारे 600. वर्षातून दोनदा सावंतवाडीजवळचं गाव, प्रत्येक फेरीला हजारेक. बाकी किरकोळ.

आता पाहा, कोपरी म्हणजे ठाणे स्टेशनची पूर्व बाजू. तिथून ट्रान्स हार्बरच्या गाडीनं ऐरोली दिघा गावानंतरचं लगेचचं स्टेशन. तरी हा गृहस्थ रोज गाडी काढत होता. ऑफिसला लोकलनं जायचं ठरवताच दहा महिन्यांचे 4,400 किलोमीटर वाचले. गणपतीला गावी तुतारी एक्स्प्रेसनं जायचं ठरलं, ती ठाण्याला थांबते. आणखी हजार वाचले. उरले 5,400.

मग त्यानं कंपनीला पत्र लिहिलं. मुदतीला दहा महिने बाकी असल्यानं मर्यादा वाढवून मिळाली. आधी घेतलेल्या किलोमीटरना दर पडला पाच रुपये. 5,400 किलोमीटरचे 27,000 रुपये, महिन्याला 2,700 भाड्यात वाढले. 75,600 चे 27,000 झाले आणि आई तीसही दिवस गाडीनं परळला गेली.

प्रत्येक करारात ही सोय असेलच असं नाही. म्हणून विचारायचं ते नेमकं सांगतो. पहिलं, मर्यादा वर्षावर्षाला मोजतात की एकूण मुदतीवर? एकूण असेल तर एका वर्षी कमी धावलेले किलोमीटर दुसऱ्या वर्षी उपयोगी पडतात. दुसरं, मर्यादा मध्येच वाढवता येते का, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या दरानं? तिसरं, मुदत दोन-चार महिन्यांनी वाढवली तर त्याबरोबर किलोमीटरही वाढतात का? चौथं, गाडी आपणच विकत घेतली तर जास्तीच्या किलोमीटरचे पैसे माफ होतात का? उत्तरं फोनवर ऐकून सोडू नका, लेखी घ्या.

विकत घेण्याबद्दल थोडं सावध राहा. किलोमीटरचे पैसे वाचतात म्हणून गाडी घेऊन टाकावी, असं वाटतं. पण कंपनीनं सांगितलेली किंमत आणि तितक्याच धावलेल्या तशाच गाडीचा बाजारभाव शेजारी मांडून पाहा. बाजारभाव कमी असेल, तर जास्तीच्या किलोमीटरची रक्कम त्यात मिळवून मग ठरवा. करार मुदतीआधी मोडण्याचंही तसंच. मोडण्याची रक्कम बहुतेक वेळा किलोमीटरच्या बिलाला मागे टाकते.

आणि एक इशारा. मीटर मागे फिरवून देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. प्रत्येक सर्व्हिसिंगला रीडिंगची नोंद होते, आजच्या गाड्यांत ती इतर यंत्रणेतही राहते. सापडलं तर ती सरळ फसवणूक ठरते.

उलट बाजूही आहे. बिलाच्या धास्तीनं गाडी दाराशी उभी ठेवणारेही मी पाहिले आहेत. न वापरलेल्या किलोमीटरचे पैसे बहुतेक करारांत परत मिळत नाहीत. भाडं भरलं आहे, तर तेवढी गाडी हक्कानं वापरावी.

14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून आनंदनगर नाक्यावरचा छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला. तेव्हापासून कोपरीतून मुंबईत सहज चक्कर मारणं स्वस्त वाटू लागलं आहे. लीजच्या गाडीला तो मोह जपून करावा. टोल गेला तरी किलोमीटर मोजले जातातच.

यासाठी फार काही करावं लागत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढा. झालेले महिने गुणिले महिन्याची मर्यादा, हा आकडा त्याशेजारी लिहा. मीटर पुढे असेल तर किती पुढे, ते पाहा. मुदतीला वर्ष उरलेलं असताना हे कळलं तर वाट निघते. शेवटच्या आठवड्यात कळलं तर फक्त बिल भरणं उरतं.