वर्गातील गोष्ट आणि वर्गातील हसू

अर्थशास्त्र हा रुक्ष विषय आहे, असा समज विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाची पायरी चढण्यापूर्वीच करून घेतलेला असतो. त्यास आम्ही अध्यापकच पुष्कळ अंशी कारणीभूत आहोत. एरवी या शास्त्रात कथा आणि विनोद यांना काय तोटा?

१८४५ साली बास्तिआ या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने मेणबत्तीवाल्यांच्या नावे एक काल्पनिक अर्ज लिहिला. सूर्य नावाचा परकीय प्रतिस्पर्धी फुकट प्रकाश पुरवून आमचा धंदा बुडवीत आहे, तरी कायदा करून सर्व खिडक्या, झरोके व फटी बंद कराव्यात, अशी त्यात विनंती होती. हा अर्ज सांगितला की वर्ग हसतो आणि हसता हसता संरक्षक जकातीच्या समर्थनातील दुबळी जागा त्याच्या ध्यानी येते. येथे विनोद वेगळा आणि युक्तिवाद वेगळा, असे करताच येत नाही. (बाल्यावस्थेतील उद्योगांचा प्रश्न त्या हसण्याने सुटत नाही, हेही अर्थात त्याच तासाला सांगावे लागते.)

कथेचे मात्र एक व्यसन लागते. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी असलेल्या रॅडफर्डने १९४५ साली छावणीतील अर्थव्यवहारावर लेख लिहिला. रेडक्रॉसच्या पार्सलांतून येणाऱ्या सिगारेटी तेथे पैसा म्हणून चालत. चांगल्या ओढल्या जात आणि हलक्या चलनात फिरत. एका वर्षी मी हे इतके रंगवून सांगितले, की परीक्षेत मुलांनी छावणीची वर्णने पानेच्या पाने लिहिली आणि पैशाची कार्ये दोन ओळींत उरकली! दोष त्यांचा नव्हता. केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त चक्रधरस्वामींच्या दृष्टान्ताआधी सूत्र आणि नंतर दार्ष्टान्तिक ठेवले आहे. गोष्टीतून सिद्धान्ताकडे परतण्याची ही वाट मी दाखविलीच नव्हती.

याहून मोठी चूक विनोदाच्या बाबतीत घडली. मार्शलने गिफेनच्या नावे नोंदविलेला सिद्धान्त असा, की मुख्य अन्नधान्य महागले की गरीब कुटुंबाला दूध-भाजी परवडत नाही, आणि पोट भरण्यासाठी ते तेच धान्य अधिक घेते. हे शिकविताना पहिल्या बाकावरील, रोज एस.टी.ने खेड्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे पाहून मी म्हणालो, ‘‘ज्वारी महागली की यांच्या डब्यातल्या भाकऱ्या वाढतात!’’ वर्ग खो खो हसला. तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर बसू लागला आणि मधल्या सुटीत डबा घेऊन कोठे तरी दूर जाऊ लागला. मी जे बोललो ते त्याच्या घरात खरोखरच घडत असावे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. सिद्धान्ताचा पुरावा समोर बसला होता आणि मी त्याची थट्टा केली होती.

तेव्हापासून हा मुद्दा आला की मी माझ्या लहानपणीच्या घरचा हिशेब फळ्यावर मांडतो. आधी दूध सुटते, मग भाजी. मुले हसतात, पण ती मला हसतात.

तो विद्यार्थी पदवी घेऊन गेला. त्याची क्षमा मागण्याचे राहूनच गेले.