न्यायासनावर कोण बसले आहे?

इंदापूर तालुक्यातील शेळगावासारख्या गावी एखादी शिक्षिका बदलून येते, खोली घेऊन एकटी राहते. तिच्याकडे कोण येते-जाते याची नोंद शाळेच्या दप्तरात नसते. ती पारावर असते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातील लीला बेणारे ही शहरातील शिक्षिका. पण तिच्यावरील खटला चालतो तो अशाच एका गावातील सभागृहात. डिसेंबर १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणलेले आणि सुलभा देशपांडे यांच्या बेणारेने गाजलेले हे नाटक म्हणूनच केवळ शहरी म्हणून दूर सारता येत नाही.

अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालविण्याकरिता एक लुटुपुटीचा खटला उभा करतात. आरोप भ्रूणहत्येचा, आरोपी बेणारे. पाहता पाहता थट्टा खरी होते आणि तिचे खाजगी आयुष्य साक्षीपुराव्याला लागते. छळ करणारे हे लोक सत्ताधीश नव्हेत. वकिली न चालणारे सुखात्मे, इंटर नापास पोंक्षे, परक्याच्या अन्नावर वाढलेला रोकडे, अशी ही आयुष्यात हरलेली माणसे. ज्याला जगात कोणी मोजीत नाही, त्याला घटकाभर अधिकार लाभला की तो काय करतो, याचे याहून निर्दय दर्शन मराठी रंगभूमीवर क्वचितच घडले असेल.

या न्यायदानाची रीतही पाहण्यासारखी आहे. फिर्यादीचा आणि आरोपीचा वकील एकच. न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्षीदार होतात. सर्वांचे सांगून झाल्यावर आरोपीला आपली बाजू मांडण्यास दहा सेकंद मिळतात. ज्यांच्यापासून तिला दिवस गेले ते प्राध्यापक दामले तर प्रयोगाला आलेलेच नाहीत. त्यांच्यावर आरोप ठेवावा असे कोणाच्या मनातही येत नाही. तिची नोकरी जाते, गर्भ नष्ट करावा असा निकाल होतो, आणि मग हा तर खेळ होता, असे तिलाच समजाविले जाते. न्यायाची सारी उपकरणे हजर असतात. गैरहजर असतो तो फक्त न्याय.

सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविणारा कायदा महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला. तो २०१७ पासून अंमलात आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हे योग्यच झाले. परंतु जात-पंचायतीच्या फर्मानाला कायदा गाठू शकतो. शिक्षकांच्या खोलीतील कुजबुजीला, कचेरीतील डोळेमिचकावणीला तो कसा गाठणार? ते काम आपल्या विवेकाचेच आहे.

या नाटकात सामंत नावाचा एक गावकरी आहे. भाबडा, भला माणूस. त्याच्या मनात बेणारेविषयी काडीचेही वैर नाही. केवळ खेळात भर म्हणून तो हातातील कादंबरीचा मजकूर साक्ष म्हणून सांगतो, आणि तोच तिच्या गळ्याचा फास होतो. शेवटी तो तिच्याजवळ हळूच एक कापडी पोपट ठेवून निघून जातो. आपल्यापैकी बहुतेक जण काशीकर नसतात, सामंत असतात. पुढे पोपट ठेवण्यापेक्षा आधी साक्ष नाकारणे अधिक कठीण. पण न्यायाचा आरंभ तेथूनच होतो.