न दिसणारा रक्तस्राव

बाळंतिणीचे रक्त बाहेर वाहिले तर धावपळ होते; पोटात साचले तर तिला ‘अशक्त’ म्हणून निजवतात. डाव्या बरगड्यांखाली प्लीहा, म्हणजे पाणथरी असते. हिवतापाने किंवा सिकलसेलने ती वाढते आणि गरोदरपणी वा बाळंतपणानंतर क्वचित फुटते. डाव्या कुशीत कळ, डावा खांदा दुखणे, घेरी, पांढरेफटक अंग या तिच्या खुणा. अशा वेळी पोट चोळू नये. तातडीने रक्त आणि बहुधा शस्त्रक्रिया लागते. सिकलसेल विदर्भातील दलित-आदिवासींत अधिक आढळतो. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीत जिल्हा स्त्री रुग्णालय आहे. पण धारणीच्या बाईला आधी मेळघाटचा घाट उतरावा लागतो. वाटेत गेलेल्या जिवाला दैव जबाबदार नाही, व्यवस्था जबाबदार आहे.