घर जाते कोणाचे?

'कर्ज फेडले नाही म्हणून घर गेले. यात अन्याय कुठे आहे, सर?' २००८ च्या अमेरिकन अरिष्टावर बोलत असताना एका विद्यार्थ्याने विचारले. प्रश्न प्रामाणिक होता. माझ्या वडिलांना तर कर्ज बुडवण्याचीही संधी मिळाली नाही; बँकेने दारातूनच परत पाठवले. म्हणून मी उत्तर शिकागोच्या लॉनडेल वस्तीपासून सुरू केले.

१९३० नंतरच्या मंदीत घरे जप्त होऊ लागली, तेव्हा अमेरिकन सरकारने १९३३ साली गृहकर्ज महामंडळ काढले. त्याने सुमारे दहा लाख थकलेली कर्जे स्वतःकडे घेऊन हप्ते हलके केले. म्हणजे इच्छा असली की सरकारला उपाय सापडतो. पण त्याच महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल केल्या. सरकारी कर्जविम्यानेही या वस्त्या वगळल्या. विमा नाही, म्हणून कर्ज नाही.

मग उरला करारावरचा सौदा. सटोडिया गोऱ्या मालकाला घाबरवून घर स्वस्तात घेई आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला भरमसाट किमतीत हप्त्यांवर विकी. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी त्याचीच. एक हप्ता चुकला की घर गेले, भरलेले पैसेही गेले. तेच घर पुन्हा नव्या गिऱ्हाइकाला!

फसलो ते आपण एकटेच, या लाजेने माणसे गप्प होती. १९६८ साली लॉनडेलमध्ये 'कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग' उभी राहिली. लोकांनी करारपत्रे एकमेकांना दाखवली, दप्तरातून मूळ किमती शोधून काढल्या आणि हप्ते थांबवले. शेरीफची माणसे सामान रस्त्यावर टाकत. शेजारी ते उचलून पुन्हा घरात नेत. कोर्टातले दावे अखेर हरले, पण शेकडो करार बदलून घेतले गेले. (ब्लॅक पँथरवरून १९७२ साली दलित पँथर हे नाव आले, हे आपण सारे जाणतो. हा हप्त्यांचा संप मात्र माझ्या वाचनात फार उशिरा आला.)

२००८ च्या आधी चित्र उलटे झाले. ज्या वस्त्यांना कर्ज नाकारले जाई, तिथेच महागडी कर्जे गळ्यात मारली गेली. दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय व लॅटिनो कर्जदारांना जादा आकार लावल्याच्या आरोपावरून कंट्रीवाइड कंपनीला २०११ साली ३३.५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. २००९ च्या सरकारी योजनेने तीस ते चाळीस लाख कुटुंबांना हात देण्याचे जाहीर केले. तो आकडा गाठलाच गेला नाही. त्याआधी, ऑक्टोबर २००८ मध्ये, शिकागोच्या शेरीफनेच काही दिवस घरे रिकामी करण्याचे थांबवले होते, कारण नियमित भाडे भरणारे भाडेकरूही रस्त्यावर येत होते.

आपल्याकडे २००२ च्या कायद्याने थकीत कर्जदाराला साठ दिवसांची नोटीस देऊन बँक कोर्टाविना तारण घराचा ताबा घेऊ शकते. हे ऐकून तो विद्यार्थी गप्प झाला. आठवड्याने घरच्या कर्जाचे कागद घेऊन आला. बारीक टाइपातले इंग्रजी, खाली वडिलांची मराठी सही. आम्ही पहिल्या पानापासून वाचायला बसलो.