वजन तेच, यकृत हलकं

अमरावती जिल्ह्यातलं शेंदूरजनाघाट म्हटलं की संत्र्याच्या कलमा आठवतात. आंबिया बहाराची तोड आटोपते न आटोपते तोच मृगाचा माल तयार होऊ लागतो. आणि अशा गावातलं पोट्टं दुपारी किराणा दुकानावर संत्र्याच्या रंगाची थंड बाटली तोंडाला लावतं. 250 मिलीच्या अशा बाटलीत पाच-सहा चमचे साखर सहज असते.

साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोजचा. तो पचवण्याचं काम मुख्यतः यकृतावर येतं आणि गरजेपेक्षा जास्त आलं की यकृत त्याची चरबी करून ठेवतं. संत्र्यातही फ्रुक्टोज असतं, पण चोथ्यासोबत आणि सावकाश पोटात जातं. एका बैठकीत चार संत्री कोणी खात नाही (शेंदूरजन्यात खाणारे निघतील, ती गोष्ट वेगळी). चार संत्र्यांचा गाळलेला रस मात्र दोन घोटांत संपतो.

यकृताचं दुखणं म्हणजे कावीळ नाहीतर दारू, असा आपला समज. दारूचा थेंबही न शिवलेल्या मुलांच्या यकृतात चरबी साठते, हे वैद्यकाने 1980च्या दशकात नोंदवलं. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2022 साली आला. त्यात लठ्ठ मुलांपैकी सुमारे 63 टक्के आणि इतर मुलांपैकी सुमारे 12 टक्के मुलांच्या यकृतात चरबी आढळली. दुखत नाही, खुपत नाही. मानेमागची कातडी काळी, जाडसर दिसू लागली तर आई ती घासून धुते. प्रत्यक्षात ती शरीरात इन्सुलिन नीट चालत नसल्याची खूण असू शकते.

'आमचं पोरगं कुठं एवढं जाड आहे?' हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत 1993 पासून गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी. पण ती कमी होती स्नायूंत. चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणून आपल्याकडे नुसत्या वजनकाट्यावर भागत नाही. घरी करण्याजोगी परीक्षा सोपी आहे: कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर लक्ष द्या.

आता महत्त्वाचं. अमेरिकेत पिट्सबर्गला लठ्ठ किशोरवयीन मुलांवर एक प्रयोग झाला, 2012 साली तो प्रसिद्ध झाला. तीन महिने, आठवड्यातून तीनदा, एकेक तास व्यायाम. एका गटाला दम लागेल असा, दुसऱ्याला वजनं उचलायचा. खाणं तोडलं नव्हतं. वजन म्हणावं तसं उतरलं नाही, तरी दोन्ही गटांच्या यकृतातली चरबी घटली. कारण असं की राबणारा स्नायू रक्तातली साखर स्वतः ओढून घेतो आणि इन्सुलिनही पुन्हा नीट काम करू लागतं. यकृतावरचा भार आपोआप उतरतो. महिन्याभरात काटा हलला नाही म्हणून पोराचं मैदान बंद करणाऱ्या पालकांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा. साखरेचंही तसंच. 2019च्या एका अभ्यासात आठ आठवडे वरची साखर जवळजवळ बंद केल्यावर मुलांच्या यकृतातली चरबी सरासरी 25 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आली.

व्यायामासाठी कुठे दूर जायला नको. 1914 साली स्थापन झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्याच अमरावतीत आहे. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने तिथे देशी खेळ करून दाखवले होते. त्या जिल्ह्यात शाळेचा खेळाचा तास गणिताला द्यावा, हे मला तरी पटत नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आठवड्यातून तीन दिवस स्नायूंना ताण देणारी. म्हणजे कबड्डी, खो-खो, दंड-बैठका. वैशाखात सकाळी नाहीतर दिवस कलल्यावर. 600 मीटर धावायला मुलाला किती वेळ लागतो ते दर दोन महिन्यांनी लिहून ठेवा. काट्याआधी तो आकडा सुधारेल.

उपास मात्र नको. वाढत्या वयात वजन तेवढंच राखलं आणि उंची वाढली, तरी पुष्कळ साधतं. भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी यांत काही वाईट नाही. 'लिव्हर टॉनिक'च्या बाटलीवर पैसे घालू नका. मुलांच्या या दुखण्यावर मान्यताप्राप्त औषध अजून नाही.

मूल लठ्ठ असेल, तर नऊ ते अकरा वर्षांच्या दरम्यान यकृताची स्थिती कळण्यासाठी रक्तातलं एसजीपीटी तपासून घ्यावं. प्रयोगशाळेच्या कागदावर बहुधा मोठ्यांची मर्यादा छापलेली असते, चाळीसच्या आसपास. बालरोगतज्ज्ञ मुलांसाठी 26 आणि मुलींसाठी 22 धरतात. म्हणून 35 आकड्यापुढे 'नॉर्मल' लिहिलेलं दिसलं, तरी तो कागद डॉक्टरांना दाखवा.